बाइंड झालेली पिन बोटाला ओळखायला कशी शिकवायची?

उद्यमनगरी

"सगळ्या पिना सारख्याच लागतात, बाइंड कुठली झालीय तेच कळत नाही" ही लॉकपिकिंगच्या, म्हणजे किल्लीशिवाय कुलूप उघडायच्या सरावातली तक्रार दर दुसऱ्या धाग्यात येते, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. कोल्हापुरात जे मिळतं त्यावरच बोलू, बाहेरून मागवायच्या वस्तूंची यादी नको.

दोन गोष्टी आधीच. कुलूप स्वतःचं हवं आणि वापरातलं नको. दाराच्या कुलपावर सराव केला की कधी ना कधी स्प्रिंग मुरगळते आणि घरची मंडळी जिन्यात बसतात. दुसरं, पिक (पिना उचलायची बारीक सळई) आणि टेन्शनर (कुलपाला पीळ द्यायची वाकवलेली पट्टी) खिशात घालून हिंडू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साधन सबळ कारणाशिवाय जवळ सापडलं तर तो गुन्हा आहे. "छंद आहे हो साहेब" हे रात्री अकराला दाभोळकर कॉर्नरला पटवून देणं अवघड.

आता मुद्दा. प्लग म्हणजे किल्लीबरोबर फिरणारा गाभा, शेल म्हणजे त्याभोवतीचा सांगाडा. दोन्हींत पिनांसाठी पाच-सहा भोकं पाडलेली. प्रत्येकात खाली किल्लीला टेकणारी की-पिन, तिच्यावर ड्रायव्हर पिन, तिच्यावर स्प्रिंग. ड्रॉइंगवर ती एका रेषेत असतात, प्रत्यक्षात शतांश मिलिमीटरच्या हिशोबात इकडेतिकडे होतातच. मशीनवर उभं राहिलेल्याला हे सांगायला नको. पिनांचा व्यासही तंतोतंत एक नसतो. त्यामुळे प्लगला थोडा पीळ दिला की सगळ्या ड्रायव्हर पिना एकदम दाबल्या जात नाहीत. ज्या भोकाचा फरक सगळ्यात जास्त, तिथली ड्रायव्हर पिन आधी शेल आणि प्लगच्या कडांमध्ये चिमटली जाते. ती झाली बाइंडिंग पिन. ती शिअर लाइनपर्यंत (प्लग आणि शेलमधल्या सांध्यापर्यंत) उचलली की प्लग केसभर फिरतो, ड्रायव्हर पिन प्लगच्या काठावर बसते आणि पुढची पिन चिमटीत येते. एका वेळी एक, क्वचित दोन. हा क्रम त्या त्या कुलपाचा असतो. त्याच खोक्यातल्या दुसऱ्या कुलपाचा वेगळा निघेल.

म्हणून "कडक म्हणजे नक्की किती?" याला उत्तर नाही. बाकीच्यांपेक्षा कडक, एवढंच. सगळ्या पिनांना हात लावून झाल्याशिवाय कुणाबद्दलच मत करून घ्यायचं नाही. पहिली जरा जड लागली की तिलाच ढकलत बसायचं, इथे निम्मे लोक अडकतात.

पद्धत अशी. सिलिंडर (प्लग आणि शेलचा हा संच) व्हाइसमध्ये पिना वर येतील असा धरा, जबड्यांना चपलेच्या कातड्याचा तुकडा लावा. करकचून आवळू नका. पितळी शेल दबला की प्लग घासतो आणि पुढचं सगळं खोटं लागतं. टेन्शनर न लावता पिक शेवटपर्यंत आत घाला आणि सावकाश बाहेर ओढत पिना मोजा. मग एकेक पिन उचलून सोडा. नुसत्या स्प्रिंगचा जोर किती, हे बोटात बसू द्या, कारण पुढची तुलना त्याच्याशीच आहे.

आता टेन्शनर लावा, त्यावर बोटाचं पेर फक्त टेकवा. सगळ्यात आतल्या पिनेखाली पिकचं टोक न्या, पाव मिलिमीटर उचला, सोडा. पुढची. तोंडापर्यंत या. लवचीक लागली की सोडून द्यायची, तिच्याशी काम नाही. एखादी उचलायला जावं तर जागची हलत नाही, ती आपली. तिच्यावर जोर हळूहळू वाढवा. टिक होईल आणि त्याच क्षणी टेन्शनरवरचं बोट किंचित पुढे जाईल. नुसता टिक आला आणि बोट जागेवरच राहिलं, तर ती सेट झाली असं धरू नका. पुन्हा आतून सुरुवात.

सरावाच्या पहिल्या टप्प्यात कुलूप उघडायचंच नाही. पहिली बाइंडिंग पिन शोधा, कागदावर तिचा नंबर लिहा (तोंडाजवळची १), टेन्शन पूर्ण सोडा, पुन्हा शोधा. दहातल्या आठ वेळा तोच नंबर आला की मगच दुसऱ्या पिनेकडे वळा.

तांबडा_पांढरा

लई भारी धागा दादा. पण माझं कुलूप वाचून आलेलं नाही बहुतेक. पाचच्या पाच पिना दगड. एकबी लवचीक नाही. पितळी पॅडलॉक आहे, किल्ली चपटी, एका बाजूला दात.

सावकाश

@तांबडा_पांढरा, पाचही कडक म्हणजे टेन्शन जास्त. पाचही लवचीक असत्या तर टेन्शन कमी, किंवा प्लगपर्यंत पोचतच नाही. पिनांचा दोष नंतर शोधायचा, आधी डावा हात तपासायचा.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. त्यावर बोट टेकवून ५० ग्रॅम, १०० ग्रॅम, ३०० ग्रॅम दाबून बघा. "हलकं" म्हणून जे लोक दाबतात ते बहुधा पाव किलोच्या वर निघतं. सुरुवात टेन्शनरच्या टोकाला ५० ते १०० ग्रॅमनी करा. काट्याकडे न बघता तेवढं दाबता आलं पाहिजे. आकडा कुलपागणिक बदलतो, घासलेल्या जुन्या प्लगला जास्त लागतं, पण खालून वर जायचं, वरून खाली नाही.

बोट कुठे आहे हेही बघा. खाचेपासून (किल्ली घालायच्या फटीपासून) ६ सेंमीवर १०० ग्रॅम म्हणजे ३ सेंमीवर २०० ग्रॅम, पीळ तोच. दर वेळी बोट वेगळ्या जागी पडलं तर टेन्शन बदलतं आणि कालची नोंद आजच्याशी जुळत नाही. टेन्शनरवर मार्करने रेघ मारा.

चिमटा

उद्यमनगरींनी कडक आणि लवचीक सांगितलं. खरं तर पिनेच्या अवस्था चार आहेत आणि गोंधळ उरलेल्या दोनांमुळे होतो.

लवचीक: दाबली की जाते, सोडली की स्प्रिंग पिकला खाली ढकलते. अजून तिची पाळी नाही.

बाइंड: पिक लावल्यावर ठाम. थोडा जोर दिला की खरखरत वर सरकते.

सेट: ड्रायव्हर पिन वर काठावर बसली, खाली की-पिन मोकळी. ढिल्या दातासारखी किंचित हलते, पण तिच्यावर स्प्रिंगचा दाब नसतो. इथे पिक अलगद लावायचा. दाबून बघायला गेलात तर की-पिन वर जाऊन ओव्हरसेट.

ओव्हरसेट: की-पिनच शिअर लाइन ओलांडून शेलमध्ये घुसलीय आणि तिथे चिमटलीय. हीसुद्धा दगडच लागते, म्हणून लोक तिला बाइंड समजून आणखी ढकलतात.

बाइंड आणि ओव्हरसेट यांतला फरक उंचीवरून ओळखायचा. ओव्हरसेट पिन वरच राहिलेली असते. टेन्शनर लावायच्या आधी ती जिथे सापडत होती तिथे पिकचं टोक आता रिकामं फिरतं आणि थोडं वर जाऊन अचानक अडतं. बाइंड पिन आपल्या मूळ जागेच्या आसपासच भेटते. सुरुवातीला टेन्शनशिवाय प्रत्येक पिन चाचपायची ती यासाठीही.

सर्वसाधारण सिलिंडरमध्ये किल्लीच्या दातांच्या खोलीची एक पायरी साधारण ०.४ ते ०.६ मि.मी.ची असते. म्हणजे हात अर्धा मिलिमीटर जास्त गेला की पिन पूर्ण एक पायरी चुकली. ओव्हरसेट झालीच तर टेन्शन एकदम सोडू नका. बोट हळूहळू सैल करत टिक ऐका. कधी नुसती तीच पडते, बहुधा दोन-तीन जणींना घेऊन पडते. पडल्या तेवढ्याच पुन्हा चाचपायच्या, सगळ्या नाही.

तांबडा_पांढरा

टेन्शन कमी केलं. आता तीन लवचीक, तिसरी कडक, पहिली पण कडक. दोन बाइंड कशा?

सावकाश

दोन असू शकतात, पण पहिलीवर माझा संशय आहे. टेन्शनर वरच्या बाजूला लावलाय का, म्हणजे खाचेच्या पिनांकडच्या टोकाला? त्याचं पातं जास्त आत गेलं की ते पहिल्या पिनेलाच टेकतं आणि ती कायम कडक लागते. पातं २ ते ३ मि.मी. एवढंच आत हवं. जास्त असेल तर कानशीने घासून कमी करा. किंवा टेन्शनर खालच्या टोकाला लावून बघा. जागा कमी उरते, पण ही शंका मिटते.

पंचगंगाकाठ

खोटी कडक पिन देणारी आणखी ठिकाणं आहेत, तीही नोंदवतो.

पिकचा दांडा खाचेच्या वळणाला घासतो आणि ते घासणं पिनेचं वाटतं. परीक्षा सोपी: टेन्शन पूर्ण सोडा आणि तीच हालचाल करा. तरीही अडलं तर ते खाचेचं पितळ आहे, पिन नव्हे. बाइंड झालेली पिन टेन्शन सोडलं की लवचीक होतेच.

पुढे लांब की-पिन, तिच्यामागे आखूड की-पिन अशी रचना असेल तर मागची उचलताना पिकची मान पुढचीला वर ढकलते. बोटाला वाटतं मागची कडक आहे, प्रत्यक्षात वजन दोघींचं असतं, आणि पुढची गपचूप ओव्हरसेट होते. इथे उंच टोकाचा हुक (आकड्यासारखा पिक) घ्यायचा आणि पिक खाचेच्या तळाला टेकवून, तिथून टोक फिरवत उचलायचं.

टेन्शनर शेलच्या कडेला टेकला असेल तर बोटाचा सगळा जोर शेल खातो, प्लगला काही मिळत नाही. मग सगळ्या पिना लवचीक. टेन्शनर फक्त प्लगला शिवतोय का हे डोळ्यांनी, उजेडात बघा.

आणि शेवटचा, आपल्या घराघरातला शत्रू: खोबरेल तेल. किल्ली अडली की थेंब सोडायचा. थंडीत ते थिजतं, एरवी धूळ धरतं, आणि पिन वर गेली की आळसावून खाली येते. अशा कुलपात सेट, बाइंड, लवचीक सगळं एकच लागतं. सराव करण्याआधी कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारा, किल्ली आतबाहेर करून काळं पाणी पुसा, दोनदा. खोलीत नको, गॅलरीत, आणि जवळपास शेगडी नको. वाळल्यावर पेन्सिलच्या शिशाची पूड किल्लीला चोळून घाला. पावसाळाभर बंद राहिलेल्या लोखंडी पॅडलॉकमध्ये गंजच असतो. त्यावर शिकायचा हट्ट करू नका.

करवीर_८

+१ खोबरेल. अवांतर: शिवणयंत्राचं तेल चालेल का?

पंचगंगाकाठ

पातळ आहे, खोबरेलापेक्षा बरं. पण थेंबभरच. धूळ धरतंच शेवटी.

गुजरी_कानस

साधनांचं कुणी बोललं नाही. जाड पिकने बाइंडिंग पिन ओळखायचा प्रयत्न म्हणजे हातमोजे घालून नाडी बघणं.

पिक: हॅक्सॉ ब्लेडची जाडी साधारण ०.६ मि.मी. असते आणि आपल्या बहुतेक सिलिंडरना ती बरोबर बसते. 'फ्लेक्सिबल' लिहिलेलं पान घ्या. पूर्ण कडक पान तासताना तडकतं. दात ग्राइंडरवर काढा, दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. कड निळी पडली म्हणजे पाणी उतरलं, तो भाग मऊ झाला, कापून टाका. मानेची उंची २ ते २.५ मि.मी. ठेवा. बाकी आकार सुई-कानशीने. सोनारांच्या हत्यारांच्या दुकानात गुजरीत मिळतात. शेवटी पॉलिश पेपर, आधी २२०, मग ४००, मग ८००. हे नखरे नाहीत. खरखरीत कडेचा पिक प्रत्येक पिनेवर स्वतःचीच खरखर देतो आणि बाइंड पिनेची खरखर त्यात बुडते.

टेन्शनर: गाडीच्या जुन्या वायपरच्या रबरात दोन पोलादी पट्ट्या असतात. गॅरेजवाला अशीच देतो. पक्कडीत धरून सावकाश काटकोनात वाकवा. पट्टी खाचेत डुगडुगली तर बोटाला येणारी बातमी निम्मी होते, म्हणून घट्ट बसेल अशीच निवडा.

मूठ जाड प्लास्टिकची करू नका. धातू उघडा किंवा पातळ टेप, बस.

तांबडा_पांढरा

लक्ष्मीपुरीत चौकशी केली तर दुकानदार म्हणतो सात लिव्हरचं घ्या, भारी असतंय. त्यात पिना असतात का?

उद्यमनगरी

नसतात. लिव्हर कुलपात पिनांऐवजी एकावर एक रचलेल्या पट्ट्या असतात. यावर शिकायला बसू नका, साधन वेगळं लागतं आणि जागा अडचणीची. तत्त्व मात्र हेच: पीळ प्लगला न देता बोल्टला द्यायचा, मग जी लिव्हर अडते ती बाइंड. ए. सी. हॉब्ज या अमेरिकन माणसाने १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी चब कंपनीचं डिटेक्टर कुलूप याच मार्गाने २५ मिनिटांत उघडलं होतं. त्या कुलपात एखादी लिव्हर गरजेपेक्षा जास्त उचलली की यंत्रणा अडकून बसायची, म्हणजे ओव्हरसेटची शिक्षा कुलपातच बांधलेली.

टेबलाच्या खणाची छोटी कुलपंही नकोत, त्यांत पातळ चकत्या असतात. किल्लीच्या अंगावर गोल खळगे असतील तर तेही पुढे कधीतरी.

शिकायला उत्तम म्हणजे नाइट लॅचचा गोल सिलिंडर किंवा मॉर्टाइज लॉकचा अर्धा सिलिंडर, पाच पिनांचा, दोन किल्ल्यांसह. मागून उघडता येतो हा मोठा फायदा.

चिमटा

तो फायदा कसा घ्यायचा ते सांगतो, कारण बाइंडिंग शिकायचा याहून सरळ रस्ता नाही.

प्लगचा व्यास व्हर्नियरने मोजा. उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडून त्याहून ०.१ मि.मी. कमी व्यासाचा नायलॉनचा रॉड करून घ्या, लांबी ८ ते १० सेंमी, एक टोक सपाट. लोखंडी नको, भोकांच्या कडा खरवडतात. सिलिंडरच्या मागची पट्टी आणि सर्क्लिप (प्लग धरून ठेवणारी कडी) काढा, क्लिप उडते म्हणून कापडाखाली. किल्ली घालून प्लग थोडा फिरवा आणि मागून रॉडने ढकलत पुढे काढा. प्लग आणि रॉड यांच्यामध्ये फट पडली की स्प्रिंगा बाहेर उड्या मारणार, तेव्हा दोन्ही सतत टेकलेले ठेवा. प्लग हातात आला की की-पिना ओळीने कागदावर ठेवा, नंबर लिहून.

दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारा पूर्ण युरो सिलिंडर असेल तर मधल्या कॅमच्या (बोल्ट सरकवणाऱ्या तुकड्याच्या) फटीतून लांब रॉड जात नाही, त्याचे आखूड तुकडे करावे लागतात. म्हणून अर्धा घ्या म्हणतो.

आता फक्त दोन जागा भरा, १ आणि ३. बाकीच्यांच्या स्प्रिंगा, ड्रायव्हर सगळं बाहेर. दोनांत एक नक्की आधी बाइंड होणार. कुठली ते बोटाने सांगा. जमलं की तिसरी भरा. प्रत्येक वेळी क्रम लिहायचा. पाच भरल्यावर कागदावर ३-१-५-२-४ असं काहीतरी येईल. मग कागद उलटा ठेवून पुन्हा काढा आणि ताडून बघा.

करवीर_८

पारदर्शक अॅक्रिलिकचं सराव-कुलूप घेतलं तर? ऑनलाइन स्वस्त आहे. आत दिसतं तरी.

गुजरी_कानस

दिसतं हीच अडचण. डोळा उत्तर देतो आणि बोट आळशी होतं.

सावकाश

थोडा असहमत. चार अवस्था डोळ्यांनी एकदा बघून घ्यायला ते चांगलं आहे, विशेषतः ओव्हरसेट. पण त्यातली भोकं ढिली असतात, बाइंड होणं गुळमुळीत लागतं. एक संध्याकाळ बघा आणि भाच्याला देऊन टाका. बाइंडिंग शिकायचं पितळावर.

तांबडा_पांढरा

नाद खुळा! ३ सेट, १ सेट, ५ सेट. प्लग बराच फिरला, डोळ्याला दिसण्याइतका. आणि तिथंच थांबलाय. आता एकबी बाइंड वाटत नाही.

उद्यमनगरी

हा फॉल्स सेट. आत एक तरी स्पूल पिन आहे: ड्रायव्हर पिन मध्ये बारीक, डमरूच्या घाटाची. तिच्या बारीक कमरेत प्लग अडकलाय, म्हणून तो काही अंश फिरून थांबला.

इथे ओळखायची खूण बदलते. प्रत्येक पिनेवर अगदी हलका दाब द्या आणि लक्ष उजव्या हाताकडे नको, डाव्या बोटाकडे ठेवा. ज्या पिनेला दाबल्यावर टेन्शनर उलटा तुमच्या बोटाला मागे ढकलतो, ती स्पूल. त्या ढकलण्याला विरोध करायचा नाही. टेन्शन किंचित सैल करा, प्लगला मागे जाऊ द्या, पिन सावकाश वर न्या. ती बसली की प्लग पुन्हा पुढे येईल. या मागे जाण्यात आधीची एखादी पिन पडते, ती पुन्हा बसवायची. टेन्शन धरून ठेवलं तर स्पूल हलणारच नाही, आणि फार सोडलं तर सगळ्या खाली.

एकाच पिनेवर ओळीने बारीक बारीक टिक येत असतील आणि प्लग हलत नसेल तर ती दातेरी पिन. तिथे टिक मोजू नका, टेन्शनर हललं का तेवढंच बघा.

तांबडा_पांढरा

उघडलं! दोन नंबरची स्पूल होती. बोटाला उलटा धक्का बसला तवा कळलं. आता एक सांगा, उलट्या बाजूला फिरवून बघितलं तर क्रम ५-१-३ असा पार वेगळाच यायलाय. कुलूप बिघडलं काय?

चिमटा

बिघडलं नाही. पीळ उलटा दिला की पिना भोकाच्या दुसऱ्या कडेला चिमटतात, त्यामुळे क्रमही बदलतो. निव्वळ भोकांच्या सरकण्याचा हिशोब असता तर तो बरोबर उलटा आला असता. पिनांचे व्यास आणि भोकांची झीज यांमुळे दर वेळी तसा नेमका येईलच असं नाही. दोन्ही बाजूंचा क्रम वेगवेगळा लिहून ठेवा. एकाच कुलपात दोन कुलपांचा सराव होतो. आता प्लग काढून दोन नंबरची स्पूल चार नंबरच्या जागी टाका आणि पुन्हा पहिल्या पिनेपासून.